सामाईक क्रमांक

सरांच्या फोनवर ओटीपी आला की तो आमच्या साऱ्या मजल्याला कळत असे. विभागाच्या दाराशी उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून, फोन हातभर लांब धरून ते एकेक आकडा सुटासुटा उच्चारत. एसटी स्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या माणसाच्या आणि सरांच्या आवाजात फारसा फरक नव्हता. "पाच! शून्य! आठ! कुणाचा हाय रं ह्यो?" असा आकडा कुणालाही सांगायचा नसतो, हे बँकेचे बजावणे त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते असे नाही. त्यांना ते पटले नव्हते. "घरातल्या माणसापास्नं काय लपवायचं?" एवढेच ते विचारत.

घर म्हणजे आमचा वनस्पतिशास्त्र विभाग. सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून दोन खोल्या आणि एक प्रयोगशाळा, एवढाच त्याचा पसारा. सर विभागप्रमुख, मी आणि आणखी दोघे कायम नोकरीतले, आणि जतहून आलेली सुजाता, तासिका तत्त्वावर शिकवणारी. जितके तास घेतले तितकेच मानधन आणि उन्हाळ्यात तेही बंद, असे तिचे होते. सरांच्या दृष्टीने मात्र आम्ही सारे एकाच चुलीवरचे होतो.

चुलीचा उल्लेख मी उगीच केला नाही. मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा स्वतः खाणे हा आमच्या विभागात अपराध होता. सगळे डबे टेबलाच्या मध्यभागी उघडायचे आणि ज्याच्या हाताला जे येईल ते त्याने घ्यायचे. सुजाताची ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दोन मिनिटांत संपे. माझ्या घरच्या गूळ घातलेल्या आमटीला सर "तुमचं ते च्यासारखं ग्वाड कालवण" म्हणत आणि दोनदा घेत. कपाटांना त्यांनी कुलपे ठेवली नव्हती. आधीच्या विभागप्रमुखांनी लावलेली जाडजूड कुलपे काढून ती ते वर्तमानपत्रात दाबलेल्या वनस्पतींवर वजन म्हणून ठेवत. "आता कुटं कामाला लागली," असे त्यांचे त्यावरचे मत होते.

मला लिहिण्याची सवय फार उशिरा लागली, त्यामुळे आठवणी मागेपुढे होत असतील तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण सरांच्याविषयी लिहायचे तर बांधाला बगल देता येत नाही. ते मूळचे कोरेगाव तालुक्यातले, ऊस असणाऱ्या घरातले. त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो मात्र उसाचा नव्हे, दोन शेतांच्या मधल्या बांधावर उगवणाऱ्या झाडाझुडपांचा. "शेत मालकाचं," ते म्हणत. "बांध कुणा एकाचा न्हाई, म्हणून त्यो सगळ्यांचा. शेतातनं जे जे हाकललं त्यानं जायाचं कुटं? बांधावर." विद्यार्थ्यांना घेऊन शिवारात गेले की प्रत्येक बांधाशी ते उकिडवे बसत. पोरे कुरकुरत, "सर, चला की, एसटी जाईल." सर मान वर न करता म्हणत, "जाऊ द्या. ती उद्या बी येती. ह्यो उद्या हितं आसंल का?"

आमच्या भागात बांध हा किती नाजूक विषय आहे हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एकदा इस्लामपूरच्या बाजूला सर फीत टाकून एका बांधाची रुंदी मोजत होते. मी फितीचे दुसरे टोक धरून उभा होतो. मोजणीवाले आले अशी हाकाटी झाली आणि दोन्हीकडचे मालक पळत आले. दोघांनीही आपापले गाऱ्हाणे एकदमच सुरू केले. शेजारी दरसाल नांगराने बांध कोरतो, असे दोघांचेही म्हणणे होते. सर शांतपणे म्हणाले, "आवं पावनं, मी गवत मोजतोय."

त्यावर त्यांतला म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "मोजा की. पर गवत कुणाच्या बाजूला जास्त निगतंय, तेवडं सांगा."

सर त्या दिवशी एसटीत बराच वेळ हसत होते. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आमच्याकडं आजून वाटणी न्हाई. तिगं भाऊ, सातबारा एक." हे ते अधूनमधून म्हणत, आणि म्हणताना त्यांची मान किंचित ताठ होई.

असा हा माणूस, आणि त्याच्यापुढे एके दिवशी संशोधक क्रमांक आला.

महाविद्यालयाने परिपत्रक काढले. प्रत्येक अध्यापकाने स्वतःचा संशोधक क्रमांक घ्यावा. यापुढे त्या क्रमांकाशिवाय अनुदानाचा कोणताही प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही. त्यामागची कल्पना सोपी होती, आणि ती सरांना समजावण्याचे काम माझ्यावर आले. मी म्हणालो, सर, आपल्या एका महाविद्यालयातच एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन जण आहेत. देशभर किती असतील. कुणाचा शोधनिबंध कुणाचा, हे नावावरून कळत नाही. म्हणून माणसाला एक कायमचा क्रमांक. नोकरी बदलली, गाव बदलले, तरी तो बदलत नाही. त्या क्रमांकाखाली एक पान असते आणि त्या पानावर त्या माणसाचे सारे काम. अनुदान देणारे प्रस्तावातल्या क्रमांकावरून ते पान थेट पाहतात.

सरांनी सारे लक्षपूर्वक ऐकले. "म्हंजे सातबारा," ते म्हणाले.

"जवळजवळ तसेच, सर."

"मग घराला एकच पुरं की! पाच कशाला?"

मी आणखी समजावायला हवे होते की नव्हते, याचा विचार करेपर्यंत त्यांनी क्रमांक काढलासुद्धा. ओटीपी मोठ्याने वाचून, विभागाच्या साक्षीने काढला. नाव त्यांचे लागले, कारण फोन त्यांचा होता. पुढचा महिनाभर ते रोज संध्याकाळी बसून त्या एका पानावर आम्हा सर्वांचे निबंध चढवत होते. माझे बुरशीवरचे, इतर दोघांचे शैवालावरचे आणि हळदीवरचे, सुजाताचे जतच्या गवतांवरचे. श्रेय लाटण्याचा त्यात लवलेशही नव्हता. उलट स्वतःचे नाव निबंधावर घालण्यात ते कमालीचे कंजूष होते. सुजाताच्या एका निबंधासाठी ते जत तालुक्यातले कितीतरी बांध तिच्याबरोबर हिंडले होते, पण तिने त्यांचे नाव घालू का असे विचारले तेव्हा म्हणाले, "नाव कशाला? हिंडलो म्हणून कुणी मालक होतंय व्हय?" त्या पानामागची त्यांची इच्छा निराळी होती. "एकेकट्याचं काम बघून कुणी बी म्हणंल, ह्यात काय हाय. एका जागी बघितलं तर घर भरल्यालं दिसतंय."

महाविद्यालयाच्या किरकोळ अनुदानांना तो क्रमांक आम्ही सगळेच लावत होतो आणि कुणाचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते सुजाताचे.

केंद्र सरकारच्या एका योजनेत तिने अर्ज केला. जतच्या कोरडवाहू बांधांवर कोणती गवते टिकतात, मेंढरे त्यांतली कोणती खातात आणि ती पुन्हा कशी लावता येतील, असा तिचा विषय होता. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. वडिलांनी आता शेती धरली होती. प्रकल्प मिळाला असता तर तिला तीन वर्षे नियमित वेतन मिळाले असते आणि तासिकांच्या मागे धावणे थांबले असते. योजनेला वयाची अट होती आणि सुजाताला ही अखेरची संधी होती. घरी तिला सांगून ठेवले होते, यंदा नाही झाले तर तलाठ्याच्या परीक्षेला बस. सरांनी तो प्रस्ताव तिच्यासमवेत इतक्या वेळा वाचला होता की त्यांना तो पाठ झाला होता.

अर्जात अर्जदाराचा क्रमांक विचारला होता आणि खाली मार्गदर्शकाचा. सरांच्या सांगण्यावरून तिने दोन्हीकडे एकच लिहिला.

थोड्याच दिवसांत दिल्लीहून सूचना आली, ऑनलाइन खुलासा करावा. आम्ही सारे प्रयोगशाळेतल्या संगणकापुढे दाटीवाटीने बसलो. पडद्यावर एक अधिकारी बाई होत्या. त्या अत्यंत सभ्यपणे बोलत होत्या, आणि त्यामुळेच आम्हाला अधिक भीती वाटत होती. त्यांनी सुजाताला हिंदीत विचारले, "आपके पेज के हिसाब से आपका पहला पेपर आपके जन्म से पहले छपा है. ये कैसे?"

सुजाता उत्तर जुळवू लागली. तेवढ्यात सरांनी तिच्या खांद्यावरून डोके पुढे काढले. पडद्यावर त्यांचे कपाळ आणि कपाळावरचा चष्मा एवढेच दिसत असावे. "मॅडम, वो मेरा है. ये नंबर हमारे घर का है. जॉइंट फॅमिली."

बाई म्हणाल्या, "प्रोफेसर साहब, नंबर घर का नहीं होता. आदमी का होता है."

"मगर काम तो सबने किया है, मॅडम."

"इसीलिए पूछ रही हूँ, किसने क्या किया. पैसा किसको देना है, ये मुझे कैसे पता चलेगा?"

बाईंनी मग अडचण उलगडून सांगितली. या क्रमांकावर सुजाताचे स्वतःचे असे काहीच दिसत नव्हते. जे दिसत होते ते इतरांचेही होते. अर्जदार आणि मार्गदर्शक एकच आहेत असा अर्थ निघत होता, आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे हे तर थेट अपात्रतेचे कारण होते. हेतू वाईट दिसत नाही म्हणून त्या पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत देत होत्या. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, प्रत्येकाचे पान वेगळे. त्यानंतर मार्गदर्शकाने स्वतःच्या क्रमांकाने आपली संमती नोंदवायची. नाही तर प्रस्ताव रद्द.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले गेले, पण सर आले नाहीत. ते प्रयोगशाळेत कुलपांखालच्या वर्तमानपत्रांच्या घड्या सारख्या करत बसले होते. सुजाता त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "सर, तुम्ही जेवून घ्या की. होतंय सगळं नीट."

"तुजं वय चाललंय पोरी," ते म्हणाले, "आन मी तुला एका ताटात जेवाय बसवत हुतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, "रविवारी वाटणी."

शब्द त्यांनी हाच वापरला, आणि तो विधीही त्यांनी तसाच केला. रविवारी सकाळी प्रयोगशाळेत सतरंजी अंथरलेली होती. सरांनी नारळ आणला होता. त्यांच्या गावाकडची रीत त्यांनी आम्हाला सांगितली: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे थोरल्याला वाटे पाडताना लबाडी करता येत नाही, शेवटी जे उरेल तेच त्याच्या पदरात पडते. त्यामुळे पहिला मान सुजाताचा. तिने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या ईमेलने क्रमांक काढला. ती पासवर्ड टाकू लागली तेव्हा सरांनी तोंड खिडकीकडे फिरवले आणि ते तिकडेच पाहत विचारत राहिले, "झालं का? झालं का गं?" आजवर विभागात कुणी कुणाकडे अशी पाठ केली नव्हती.

आम्हा तिघांचेही क्रमांक निघाल्यावर सरांनी आपल्या पानावरचा एकेक निबंध वाचायला सुरुवात केली. "ह्यो कुणाचा?" ज्याचा असेल तो हात वर करी. सर तो आपल्या पानावरून काढत आणि मालक तो स्वतःच्या पानावर चढवी. पान हळूहळू रिकामे होत चालले. सरांचा आवाजही उतरत गेला. एका निबंधापाशी ते अडले. तो त्यांचा आणि माझा मिळून होता.

"ह्यो तुमी घ्या," ते म्हणाले.

"सर, यावर तुमचेही नाव आहे. हा दोघांकडे राहू शकतो."

"आर्धा आर्धा?"

"नाही सर. पूर्ण तुमच्याकडे आणि पूर्ण माझ्याकडेही. मिळून केलेले काम प्रत्येकाच्या पानावर अख्खेच राहते."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर आणला, जणू ऐकण्यासाठीही त्यांना तो लागत होता. "तुज्याकडं बी आख्खं आन माज्याकडं बी आख्खं?" आजवर ते मला नेहमी 'तुमी' म्हणत, त्या क्षणी त्यांना त्याचे भान नव्हते.

"होय सर."

"म्हंजे हिरीसारखं," ते सावकाश म्हणाले. "जमीन वाटत्यात, हीर न्हाई वाटत. पानी समद्यांचंच ऱ्हातंय." आणि मग जवळजवळ रागाने, "मग हे आदी का न्हाई सांगितलं रं?"

आम्ही हसलो. सुजाता सर्वांत मोठ्याने हसली, कारण ती दोन दिवस झोपली नव्हती. सरांनी नारळ फोडला. शेवटी त्यांच्या पानावर आमच्याबरोबरचे ते मोजके निबंध राहिले आणि त्यांचा स्वतःचा एकमेव लेख, उसाच्या बांधावरच्या झुडपांविषयीचा. आपल्या पानाकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. सुजाताचे नवे पान मात्र ते फोन लांब धरून बराच वेळ न्याहाळत होते.

"सातबाऱ्याला इतर हक्काचा रकाना असतोय," ते म्हणाले. "जमीन ज्येची न्हाई, पर ज्येचा तिच्याशी काय संबंध हाय, त्येचं नाव तितं लागतंय. कुळाचं, बहिणीचं. ह्येच्यात तसा रकाना न्हाई व्हय?"

"नाही सर," सुजाता म्हणाली.

"असूं दे. चाललंय."

दिल्लीच्या बाईंनी आमची पाने तपासली आणि आता फक्त मार्गदर्शकाची संमती राहिल्याचे कळवले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. आणि नेमके त्या दिवशी सर गावी होते. का गेले ते आम्हाला ठाऊक होते. त्यांच्या दोन नंबरच्या भावाने, जे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, शेवटी विषय काढलाच होता. सुभेदारांच्या मुलांना पुण्यातून परत येऊन घरे बांधायची होती. तिघा भावांचा एक सातबारा त्या दिवशी तीन होणार होता.

सुजाताने फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. सरांच्या शिवारात रेंज फक्त बांधावर येत असे. वाऱ्याचा आवाज येत होता.

"सर, तुमच्या फोनवर ओटीपी आला असंल बघा. तेवढा सांगा, मी इथनं करते."

"आलाय," सर म्हणाले. "पर सांगणार न्हाई."

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"सर, अहो पाच वाजता बंद होतंय ते! आख्ख्या मजल्याला सांगायचा की तुम्ही!"

"सांगत हुतो. तवा नंबर घरचा हुता. आता माजा हाय. त्या बाईनं उद्या इचारलं, संमती कुणी दिली, तर मी काय सांगू? पोरीनंच दाबलं म्हणून सांगू? परत तुजं काम अडकंल. माजं मी करतो. तू फकस्त कुटं दाबायचं त्ये सांग."

त्यानंतर जे झाले ते ऐकणे फार कठीण होते. सुजाता सांगत होती, सर दाबत होते, काहीतरी चुकत होते. एक ओटीपी मुदत संपून वाया गेला. दुसरा चुकीच्या जागी पडला. पलीकडे कुणीतरी अधीर झाले होते.

"दादा, आवं पंच खोळंबल्यात!"

"खोळंबू दे. हितं बी त्येच चाललंय. चष्मा कुटं हाय माजा?"

"कपाळावर हाय की!"

तिसरा ओटीपी आला. आता सर काहीच बोलत नव्हते. नेहमी मोठ्याने उच्चारले जाणारे आकडे ते मनातल्या मनात वाचत असणार. सुजाताने दोन्ही हात तोंडावर धरले होते. आमच्या पडद्यावर तिच्या प्रस्तावासमोर 'प्रलंबित' असा पिवळा शब्द होता. मी पान ताजे केले, पुन्हा केले. आणि तिथे 'संमती नोंदवली' असे हिरव्या अक्षरांत आले. खाली सरांचे नाव, मार्गदर्शक म्हणून, आणि त्यांचा क्रमांक.

मंजुरीचे पत्र पुढे यथावकाश आले. सुजाता आता बहुतेक काळ जतकडेच असते. ऊन लागून तिचा चेहरा रापला आहे, आणि बांधाशी आले की तीही उकिडवी बसते असे तिचे विद्यार्थी सांगतात. सर निवृत्त होऊन गावी राहतात. पण माझ्या लेखी ते काम त्या दुपारीच पुरे झाले.

आम्ही आनंदाने ओरडलो तेव्हा सुजाता फोनमध्ये "सर, झालं! सर!" एवढेच म्हणत राहिली. सरांनी "बरं, बरं" म्हटले आणि फोन खिशात टाकला. तो बंद करायचा राहिला. त्यामुळे कापडात घासल्या जाणाऱ्या फोनमधून पुढचे बोलणे आम्हाला अस्पष्ट ऐकू आले.

"एवडं कशाचं काम हुतं वो, दादा?" त्यांच्या भावाने विचारले.

"काय न्हाई. एका पोरीच्या सातबाऱ्यावर नाव लागलं माजं," सर म्हणाले. मग त्यांनी पुस्ती जोडली, "इतर हक्कात."

वाऱ्याचा आवाज झाला. मग पुन्हा सरांचा आवाज आला, अगदी जवळून, नेहमीपेक्षा हळू.

"चल. वाटं पाडल्यात मी. दोगं बी धाकटं हायसा. आदी तुमी उचला."